खंडेनवमीची मुलाखत

मला नोकरी हवी होती ती नाशिकमध्येच, आणि तीही घरात बसून करता येईल अशी. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकटं सोडणं आता शक्य नव्हतं. त्यांचं विस्मरण वाढत चाललं होतं. गॅस चालू ठेवून ते फिरायला निघत, आणि ज्या कॉलनीत जन्म काढला तिथलेच रस्ते त्यांना सापडत नसत. अंबडमधल्या आमच्या कारखान्याने हिशेबाचा विभाग पुण्याला हलवला तेव्हा बाकीचे सगळे गेले, मी राहिले.

मग मुलाखती सुरू झाल्या. सॉफ्टवेअर कंपन्या घरून काम देतात म्हणून मी तिकडेच अर्ज करत सुटले. आयुष्यभर माल, गोदाम आणि भंगाराचा हिशेब ठेवलेली बाई मी. इथे माल नाही, गोदाम नाही; गिऱ्हाईक वर्षाचे पैसे आधी भरणार आणि आपण ते महिन्यामहिन्याने कमाईत धरायचे. यात अवघड काही नव्हतं. घोडं अडायचं ते शेवटी. माझ्या निम्म्या वयाची मुलं गोड हसून विचारत, "मॅम, गरज पडली तर शहर बदलाल ना? घरची काही जबाबदारी?" मी खरं सांगितलं की "कळवतो" म्हणत, आणि कळवत नसत. पुढे मी तो प्रश्न टोलवायला लागले, तर नेमकी तेव्हाच मागून अण्णांची हाक यायची. संताप व्हायचा माझा. त्या मुलांवर, अण्णांवर, आणि अण्णांवर संतापले म्हणून स्वतःवर.

एका कंपनीत मात्र शेवटच्या फेरीपर्यंत पोचले. तिथले फायनान्सचे प्रमुख सिंगापूरला बसत. दसऱ्यानंतर ठरलेली मुलाखत त्यांनी अचानक अलीकडे ओढली. आज दुपारी जमेल का, असा निरोप आला. तो दिवस खंडेनवमीचा. नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

खोलीत आले तर टेबलावर लॅपटॉप नाही. अण्णांनी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. बाकीचं विसरले, हे नाही विसरले. पाटावर त्यांचा मायक्रोमीटर, व्हर्निअर, नट आवळायचे दोन-चार पाने, आणि शेजारी झेंडू वाहिलेला माझा लॅपटॉप. मिटलेल्या वस्तूची पूजा कशी करायची, म्हणून उघडून ठेवलेला. वर मधोमध कुंकवाचं बोट ओढलेलं. ते बरोबर कॅमेऱ्यावर.

"आज हत्याराला हात लावायचा नाय," ते म्हणाले.

"अण्णा, माझी मुलाखत आहे."

"उद्या चालव. आज नाय."

मी उचलला. फुलं खाली सांडली. त्यांच्या तोंडाकडे बघायचं मी टाळलं.

कुंकू पुसायला गेले तर ते आणखीच पसरलं. मुलाखत तशीच सुरू झाली; सिंगापूरच्या त्या गृहस्थांना मी निव्वळ लाल डाग दिसत असणार. राहू द्या, आवाज येतोय, असं ते हिंदीत म्हणाले. प्रश्न सुरू झाले, आणि माझी उत्तरंही बरी चालली होती. तेवढ्यात अण्णा आत आले आणि पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले. समोरचा माणूस त्यांना आपला जुना मॅनेजर वाटला. त्याच्याशी बोलायचे तसल्याच कारखान्यातल्या हिंदीत ते म्हणाले, "साब, आज मशीन बंद रखो. पूजा हो गई है. ये लडकी नई है, इसको मालूम नहीं. इसकी उंगली जाएगी."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचं फार वाईट वाटलं. आता संपलंच हे धरून मी सरळ सांगितलं, "हे माझे वडील. त्यांना विस्मरणाचा आजार आहे. त्यांचं करणारी मी एकटीच."

मग ते गृहस्थ अण्णांना म्हणाले, "ठीक है. आज बंद." उरलेलं दसरा झाल्यावर बोलू, असं त्यांनी मला सांगितलं. अण्णांनी त्यांना सलाम केला आणि फुलं वेचायला लागले.

दसऱ्यानंतर त्यांनी हिशेबाचं फारसं विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "महिनाअखेरचं काम तुंबलंय आणि वडिलांनी हाक मारली, तर?"

"उठेन," मी म्हणाले. "परत येऊन काम पुरं करीन. ते मागे राहणार नाही. पण उठणार."

ते बरं म्हणाले. आठवड्याभरात नेमणुकीची मेल आली.

मी पेढे आणले. अण्णा गॅलरीत बसले होते. त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हटलं, नोकरी लागली, घरीच राहून करायची आहे.

ते खुर्चीतून अदबीने उठले. "चांगलं झालं, मॅडम," म्हणाले. पेढा तसाच हातात. मग जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "माझी पोरगी बी हिशेबातच हाय. लय हुशार. पण माझ्यापायी तिला कुठं जाता येत नाय. तुमच्याकडं काही असलं, तर बघा तिच्यासाठी."

"बघते," मी म्हणाले.