खंडेनवमीची बंदूक

खंडेनवमीला आमच्या बँकेत पहारेकरी काकांच्या दुनळी बंदुकीचीही पूजा होते. पूजेआधी काकांनी ती रिकामी केलीच असणार, असं धरून मी फोटोसाठी उचलली आणि हसत शिपाईमावशींवर रोखली. काकांनी झडप घालून नळी वर ढकलली, बंदूक उघडली. आत एक काडतूस होतं.

"दोन्ही काढली असंच वाटलं व्हतं मला," ते पुटपुटले. "साहेब, उघडून बघितल्याबिगर कोणतीच बंदूक रिकामी नसती."

मावशींनी सगळ्यांना हातात प्रसाद दिला. माझा टेबलावर ठेवला.

संध्याकाळी मुकुंदवाडीच्या खोलीवरून आईला फोन केला. "घरातला पहिला शिकलेला तू. पूजेचा मान तुलाच असंल नं?"

"व्हय," म्हणालो. खरं सांगावं असं या शहरात माझं कुणीच नव्हतं, आणि आईलाही ते सांगवलं नाही.