आबांना सांगू नका

बहिरू एसटीत ड्रायव्हर होता, तोवर नाशिक जिल्ह्यातली एकही बातमी त्याला चुकवून पुढं गेली नाही. येवल्याला कुणाची सोयरीक मोडली, मनमाडला कुणाच्या पोराला रेल्वेत नोकरी लागली, देवळ्याला आज कांदा काय भावानं गेला, सगळं त्याला केबिनमध्ये बसल्या बसल्या कळायचं. संध्याकाळी सिडकोतल्या घरी आला, की तो ते बायकोला, कुसाबाईला, तिखटमीठ लावून सांगायचा. मग एकदा निफाडच्या अलीकडं त्याच्या छातीत कळ आली. पठ्ठ्यानं गाडी शिस्तीत कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पुढं अँजिओप्लास्टी झाली. हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय, यांना दगदग नको आणि धक्का तर अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं. कुणी तब्येत विचारली की बहिरू म्हणायचा, "इंजिन चालू हाय, पिकअप गेला."

दगदगीचं घरच्यांनी जमेल तसं पाहिलं. धक्क्याचं मात्र त्यांनी भलतंच मनावर घेतलं. साडू वारला ते बहिरूला तेरावं उरकल्यावर सांगितलं. कांद्याचा भाव पडला की टीव्ही बंद व्हायचा. क्रिकेटची शेवटची ओव्हर तर त्यानं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मुलगा सोमनाथ ऐन वेळी रिमोट काढून घ्यायचा आणि आपण जिंकलो असलो तरच निकाल सांगायला यायचा. पाहुणा उंबऱ्यात आला की सून उज्वला आधी ओठांवर बोट ठेवायची आणि हळूच म्हणायची, आबांना सांगू नका. पाहुणाही मग बहिरूसमोर असा काही गोड हसायचा, की काहीतरी वाईट घडलंय हे लगेच कळावं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे या शहाण्यांना कोण सांगणार?

पण बहिरू चिडायचा नाही, कारण त्याची बातमी कुसाबाई आणून द्यायची. दुपारी सगळं सामसूम झालं, की ती मेथीची जुडी घेऊन त्याच्याजवळ बसायची आणि पानं खुडता खुडता सगळं ओकून टाकायची. साडूचंही तिनंच त्याच दिवशी सांगितलं होतं. तेराव्यानंतर सोमनाथनं सांगितलं, तेव्हा बहिरूनं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं कपाळाला हात लावला आणि कुसाबाईनं पदर तोंडात धरून हसू दाबलं. ती म्हणायची, "तुमच्यापासून लपवलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या हार्टचं बघता बघता मलाच काहीतरी व्हायचं." ती सांगत होती म्हणून बहिरूला आपण अजून माणसांत आहोत असं वाटायचं. बाकीच्यांनी त्याला जिवंतपणीच काचेच्या कपाटात ठेवलं होतं.

कोरोना आला आणि कपाटाला कुलूप लागलं. हार्टवाल्यांना आधी गाठतो म्हणे. बहिरूची रवानगी मागच्या खोलीत झाली. त्या खोलीला बोळाच्या बाजूला एक खिडकी होती, तेवढंच त्याचं जग. सोमनाथ सातपूरच्या कंपनीतून आला की आधी बाहेरच्या मोरीत अंघोळ करायचा आणि आबांशी दारातून, मास्क लावूनच बोलायचा. आत जायची मुभा एकट्या कुसाबाईला. भाजी तिनं आणायची, दूध तिनं आणायचं, हात धुऊन धुऊन त्यांच्या साली काढायच्या आणि त्याचं सगळं करायचं. एक वर्ष असं निभावलं. एकवीस सालचा एप्रिल आला, तेव्हा मात्र ॲम्ब्युलन्सचा आवाज बोळापर्यंत यायला लागला.

सोमनाथनं ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं मशीन आणलं, तेही आबांसाठी. कुसाबाई रोज ते नवऱ्याच्या बोटाला लावायची आणि आकडा सोमनाथला ओरडून सांगायची. तिच्या बोटाला ते लावावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. एका दुपारी बहिरूनंच चेष्टेत तिचा हात धरून लावलं. त्याचे सत्त्याण्णव आले होते, तिचे शहाऐंशी. ती म्हणाली, आत्ताच भांडी घासली, हात गारठलेत. त्यानं तिची बोटं आपल्या तळव्यात घेऊन चोळली, ऊब आणली, परत लावलं. चौऱ्याऐंशी. मग मशीनच बिघडलं असं दोघांनी ठरवलं. सेल बदलायला हवेत, असं म्हणत तिनं ते कोनाड्यात ठेवून दिलं. तिला तीन दिवसांपासून कणकण होती. ती बोलली नव्हती, कारण नवरा घाबरला असता. आयुष्यात तिनं त्याच्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी बसली ती उठेचना. सोमनाथ रिक्षा घेऊन आला. बहिरू धडपडत दारापर्यंत गेला, तर उज्वला दोन्ही हात आडवे करून उभी. "आबा, जवळ नका जाऊ, पाया पडते तुमच्या," असं ती रडत म्हणाली. कुसाबाईनं मागं वळून फक्त "येते हं" म्हटलं आणि पोराच्या खांद्याला धरून ती निघाली. बहिरू जागचा हलला नाही. जिनं त्याला मोरीपर्यंतसुद्धा एकट्याला जाऊ दिलं नाही, तिला रिक्षात बसवायला त्याला हात देता आला नाही.

चार हॉस्पिटलं फिरल्यावर एक बेड मिळाला. घरातल्या तिघांच्या तपासण्या झाल्या, कुणालाच काही निघालं नाही. ज्याच्यासाठी एवढा बंदोबस्त, तो ठणठणीत. बहिरूला त्याची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी फोन लागला. कुसाबाईचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता, पण तिनं तिच्या सवयीप्रमाणं खरं ते सांगितलं. "लय दम लागतो हो. शेजारची बाई सकाळी गेली." तेवढ्यात सोमनाथनं फोन काढून घेतला. त्यानंतर फोन आला नाही. आल्या त्या सोमनाथच्या बातम्या. आज ऑक्सिजन कमी केला, आज पेज घेतली, आज नर्सशी हसली, आज तुमचं विचारत होती. बोलणं करून दे म्हटलं, की तिच्या फोनचं चार्जिंग संपलेलं असायचं.

बहिरूनं ऐकून घेतलं. त्याचं मन मात्र दिवसभर घरातले आवाज गोळा करत बसायचं. मोरीतला नळ उगाच तास तास वाहत होता आणि उज्वला बाहेर आली की तिचे डोळे सुजलेले असायचे. डाळीला फोडणी नव्हती. बोळातून जाताना समोरची सुलाबाई, जी खिडकीशी थांबून तब्येत विचारल्याशिवाय कधी पुढं जायची नाही, ती मान खाली घालून झपाझप निघून गेली. तरी त्यानं मनाला समजावलं. पोरं दमलीत. फोडणीनं ठसका लागतो म्हणून टाळली असेल. सुलाबाईलाही काही घरची चिंता असेल. माणूस स्वतःलाही फसवतो, आणि त्यात घरच्यांपेक्षा जास्त हुशार असतो.

मग एका दुपारी सोमनाथ दाराशी आला, तो डोक्यावर टोपी घालून. घाम पुसायला त्यानं टोपी काढली, तर खाली तुळतुळीत टक्कल. बहिरू बघतोय हे पाहून तो घाईघाईनं म्हणाला, सलून बंद आहेत ना आबा, म्हणून घरीच मशीन फिरवलं, उकाडाही लय आहे. खरंच होतं ते. गल्लीतल्या निम्म्या पोरांनी तसंच केलं होतं, खिडकीतून दिसायची ती. बहिरूनं मान हलवली. त्याचा जीव त्या बोलण्याला घट्ट धरून बसला. सोमनाथ पेजेचं सांगायला लागला आणि बोलता बोलता त्याचा मास्क घसरून हनुवटीवर आला.

वरचा ओठ उघडा होता. मिसरूड फुटल्यापासून सोमनाथनं मिशी काढली नव्हती. त्यांच्या भावकीत आईबाप असेपर्यंत मिशीला वस्तरा लागत नाही. तो लागतो दहाव्याला. बहिरूच्या स्वतःच्या मिशीला आई गेली तेव्हा लागला, बाप गेला तेव्हा लागला. म्हणजे पोरगं रामकुंडावर जाऊन आलं होतं. एकटंच. पिंडाला कावळा शिवला की नाही, कुणास ठाऊक. कुसा गेली होती, आणि दहा दिवस तो तिच्या पेजेची चौकशी करत होता.

सोमनाथनं मास्क वर ओढला. त्याची नजर बापाच्या छातीवर खिळली होती, हात कधी तिकडं जातोय याची वाट पाहत असल्यासारखी. बहिरूला ओरडायचं होतं. तुझी आई होण्याआधी ती माझी बायको होती, मला का नाही सांगितलंस, हे विचारायचं होतं. पण पोराचा चेहरा दहा दिवसांत दहा वर्षांनी थोराड झाला होता. आता आपण छातीला हात लावला, तर हे परत रिक्षा काढील, परत दारोदार बेड मागत फिरेल. आईच्या वेळी तरी एक मिळाला होता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "उन्हाळ्याचं हलकं वाटतं."

"हो आबा."

"तिला सांग, घाई नको करू म्हणावं. माझं चाललंय इकडं."

सोमनाथनं टोपी परत डोक्यावर ओढली. मग "सांगतो" म्हणाला आणि वळला. थोड्या वेळानं मोरीतला नळ सुटला. त्या आवाजाआड आपलं पोरगं रडतंय, हे बहिरूला भिंतीतून ऐकू येत होतं. त्यानं टॉवेलाचा बोळा करून तोंडात धरला. आपला हुंदका पलीकडं गेला असता, तर पोराला धक्का बसला असता.