वीणा खाली ठेवता येत नाही

आमच्या कुरुंद्यात सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकवत नाहीत. सात दिवस, रात्र म्हणू नका दिवस म्हणू नका, कुणीतरी ती गळ्यात अडकवून उभं राहायचं आणि तोंडानं हरिनाम चालू ठेवायचं. याला पहारा म्हणतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. दुसरा आलाच नाही तर पहिल्यानं काय करायचं, हे मात्र कुण्या महाराजांनी सांगून ठेवलेलं नाही.

मी तहसीलीतून रिटायर झालेला कारकून. नोकरीभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारले, मग म्हटलं आता आत्म्याकडं बघू, आणि कविता करायला लागलो. जन्म काय, मरण काय, माणूस जातो तो कुठं जातो, असले प्रश्न. कविता बऱ्या होत्या, मी खोटं कशाला बोलू? पण ऐकणारं कुणी नव्हतं. टपरीवर मी घसा खाकरला की लोकांना शेतातली कामं आठवायची. माझी एक अख्खी कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी ऐकली, असं आजवर घडलं नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

अशात वसमतहून बोलावणं आलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता, 'गद्य, पद्य आणि संगीतातून जीवनाचा शोध'. त्यात पद्याला मी! अर्ध्या गावाला मी सांगून आलो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मी न्हाई येत. तुमी घरात रोज शोधच करून राहिलात. चष्मा सापडंना, चप्पल सापडंना, आन् चालले जीवनाचा शोध घ्यायला."

ती येत नाही हे बरंच झालं. कारण जी कविता म्हणायची होती ती तिच्यावरच होती. बायकोवर कविता जरूर करावी, पण तिच्यासमोर म्हणू नये. बाहेर टाळ्या पडतात, घरात चौकशी लागते.

नेमका त्याच दिवशी सकाळी माझा पहारा. म्हटलं, पहारा करतो आणि तसाच एसटीत बसतो. माझ्यानंतर चुलतभावाचा नंबर होता. वेळ झाली, टळली, भाऊ काही येईना. शेवटी निरोप आला: हळद शिजवायचं बॉयलर आजच शेतात आलंय, हळद शिजायला लावलीय, सोडून येता येत नाही. गावातले धडधाकट गडी सगळे हळदीतच. मंडपात मी आणि दोन म्हाताऱ्या. तिकडं त्याची हळद शिजत होती, इकडं नवा नेहरू शर्ट घालून मी.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. माझं तोंड बघून सगळं समजली. म्हणाली, "आणा इकडं वीणा. मी धरते, तुमी जा."

"अगं बाई, बायका न्हाई धरत आपल्यात," एक म्हातारी म्हणाली.

"काहून?"

"पयल्यापासून तसंच हाय."

"पयल्यापासून घर धरून राहिले ते चालतं. वीणा तेवढी जड होती व्हय?"

मी वीणा गळ्यातच ठेवली. मुक्तीवर कविता करणारा माणूस गावच्या रीतीपुढं असा गप बसतो.

मग खिशातला फोन वाजला. माझा एक हात वीणेला, दुसऱ्यात चिपळ्या. बायकोनं फोन काढून माझ्या कानाला लावला. प्राध्यापक होते. "कुठं आहात? आता तुमचंच नाव पुकारतो."

"उभा आहे."

"कुठं?"

"कुरुंद्यात."

प्राध्यापक म्हणाले, "असं करा, फोनवरच म्हणा. मी फोन माइकला लावतो." फोनमधला आवाज मोठा, म्हाताऱ्यांनीही ऐकलं. म्हणाल्या, "म्हणा तुमी बिनघोर, नाम आमी धरतो," आणि त्यांनी असा काही सूर लावला की मंडपाचा पत्रा हलला.

बायको वीतभर अंतरावर, फोन धरून. पण पलीकडं हॉल भरलेला! गेली लाज खड्ड्यात, म्हटलं, आणि देवळाच्या कळसाकडं बघत सुरू केलं:

दोघांपैकी एकाला दार लावावं लागेल बाहेरून,
एकाला आतून.
देवा, मला बाहेरचं दे.
तिच्याशिवायच्या घराची कडी
आतून लावायला
माझा हात उठायचा नाही.

पुढं अजून बरीच होती. सोडलं नाही, शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. मग टाळ्यांसाठी कान टवकारले. म्हाताऱ्यांच्या नामाशिवाय काही ऐकू येईना.

"हॅलो? सर? पोचली का?"

बायकोनं फोन खाली घेतला. "कवाच कटला त्यो. तुमी 'दोघांपैकी' म्हणलात आन् रेंज गेली."

असा संताप आला मला! एवढी वर्षं वाट बघितली आणि शेवटी वसमतच्या एका माणसाच्या कानावर माझी एक ओळ गेली नाही. "अगं, मग कानाला धरून काहून ठेवला?"

"काढला असता तर तुमी थांबले असते."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नाही. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, शेंबडं लेकरू पुसतात तसं, खसाखसा. तिचे डोळेही लाल झाले होते, पण आवाज नेहमीचाच, भांडणातला.

"आन् पुन्हा देवाला असलं काही मागायचं असलं ना, तर आधी मला इचारायचं. परस्पर बाहेरचं दार मागून मोकळे झाले. मला झेपंल व्हय ते आतलं?"

मी मान हलवली आणि म्हाताऱ्यांच्या सुरात सूर मिसळून नाम धरलं.