मोकळ्या रस्त्याची खूण

सोलापुरात अक्कलकोट नाक्यावर माझं पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळे ट्रकवाल्यांच्या सगळ्या लबाड्या मला तोंडपाठ. ही त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. परदेशात म्हणे गाडीचा वेग सांगणारं यंत्र निघालं होतं. आमच्याकडे दोन हवालदार साध्या कपड्यात यायचे, रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा मारायचे आणि गाडी एका रेघेवरून दुसरीवर किती वेळात जाते ते मोजायला बाभळीआड घड्याळ घेऊन बसायचे. त्यावर ड्रायव्हरांचा तोडगा म्हणजे हात. समोरून येणाऱ्याने खिडकीतून पंजा खाली दाबला, की पुढे पोलीस. पंजा वर हलवला, की रस्ता मोकळा, हाण गाडी. आपसात कितीही भांडणं असोत, खोटा हात कुणी दाखवायचा नाही.

वळसंगचा बिरप्पा दुधनीहून तुरीची पोती सोलापूरला आणायचा. त्याच्या हातावर तर सगळे डोळे झाकून भरवसा ठेवायचे.

मग त्याची बहीण अक्कम्मा गेली. डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन वळसंगच्या वळणावर रस्ता ओलांडत होती, भरधाव ट्रकने तिला उडवलं. बिरप्पा पुन्हा कामावर आला तो बदलूनच. वळण ओलांडलं, की समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला पंजा खाली दाबायचा, पोलीस असोत नसोत. तिथे गाड्या हळू व्हाव्यात, एवढंच त्याला हवं होतं. अशी लबाडी किती दिवस पचणार? एकदा बिरप्पा टायर काढून माझ्याकडे बसला होता, तेवढ्यात मल्लप्पा ड्रायव्हर तणतणत आला.

"बिरप्पा, तू हात दावलास म्हून मी गोगलगायीवानी चाललो. पोलीस कुटं हुते?"

"न्हव्हते."

"मग आजपासून तुला बी कुणी हात दावणार न्हाय. बस दंड भरत!"

माझं डोकंच फिरलं. "अरे, बहीण गेली त्याची तिथं. काही लाज?"

मल्लप्पाचा आवाज उतरला. "ठावं हाय की. पर हात म्हंजी हात. उद्या खऱ्या हातावर बी कोन इस्वास ठेवंल?"

त्याचंही खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच चीड आली.

बिरप्पा उठून उभा राहिला. "तिला उडवलं त्या गाडीला मीच हात दावला हुता," तो म्हणाला. "पोलीस न्हव्हते, म्हून रस्ता मोकळा म्हनलो. कडंला भारा बांधत कोन बसलंय, ते बगितलंच न्हाय मी."

मल्लप्पा निघून गेला.

ड्रायव्हरांनी शब्द फिरवला नाही. बिरप्पाला पुन्हा कुणी हात दाखवला नाही. तो दोनदा पकडला गेला आणि दोन्ही वेळा मुकाट्याने दंड भरून आला. वळणावरचा त्याचा पंजा काही थांबला नाही. मल्लप्पा पुढे एकदा हवा भरायला आला, तेव्हा खाली बघत मला म्हणाला, "त्याचा हात खोटा हाय, ठावं हाय. तरी बी पाय जातोच ब्रेकवर."