मुहूर्ताचं बटण

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकजवळ सातपूरला कारखान्यांच्या शेडला शेड लागत होती आणि जो तो कारखानदार एकच रडगाणं गायचा, लेथवर लोखंड कातणारे चांगले टर्नर मिळत नाहीत. आयटीआयमध्ये टर्नर शिकवणारा मी; माझं डोकंच फिरायचं. अहो, टर्नर काय झाडाला लागतात? आमच्याकडची लेथ मशिनं म्हातारी, निम्मी बंद. पोरं आम्ही शिकवायचो, पण कारखान्यात वर्षभर उमेदवारी केल्याशिवाय हात तयार होत नाही. आणि शिकाऊ उमेदवार घ्या म्हटलं, की याच लोकांच्या पोटात दुखायचं.

शेवटी मी एका शेठला धरलं. पंपाचे भाग बनवायचा. वडील गेल्यावर धंदा अंगावर पडलेला. माणूस सरळ, पण भित्रा. मी सायकल हाणत जायचो आणि त्याच्या ऑफिसात ठाण मांडून बसायचो. कंटाळून एकदा तो म्हणाला, "सर, एक पोरगा द्या. दिवाळीपर्यंत बघतो. जमलं तर पुढच्या वर्षी चार घेईन. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मी दिंडोरीकडचा एक पोरगा दिला. वडील नव्हते, आई लोकांच्या मळ्यात निंदायला जायची. वर्गात तो काही पहिला नव्हता. पण सांगितलेली गोष्ट त्याच्या अंगात मुरायची, आणि मला तेवढं पुरे होतं. त्याची उमेदवारी मोडली असती तर तोही आईबरोबर मळ्यात गेला असता, आणि मागून येणाऱ्या पोरांचं दारही बंद झालं असतं. हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. उगाच सांगितलं, असं नंतर वाटायचं, कारण त्या धास्तीनं तो कारखान्यात तोंडच उघडेना.

शेठच्या जुन्या मिस्त्रीनं पहिल्या दिवसापासून त्याच्यावर डूख धरला. आज हा शिकणार, उद्या माझ्या पोटावर पाय देणार, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. पोराला मशिनजवळ फिरकू द्यायचा नाही. चहा आण, लोखंडाचा चुरा भर, फडकं मार. मी जाऊन भांडलो की गोड हसायचा, "शिकतोय की सर, बघून बघून." असा राग यायचा त्या हसण्याचा!

नवरात्र आलं. खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊन पुसून शेठच्या आईंच्या हातून पूजा झाली. दसऱ्याला सुट्टी. पूजेतलं हत्यार मुहूर्त होईपर्यंत हलवायचं नाही, आणि सुट्टीनंतरच्या सकाळी शेठनं स्वतः पहिल्या लेथचं बटण दाबून मुहूर्त करायचा, अशी त्यांच्याकडची पद्धत. शेठनं मला निरोप धाडला, "प्रसादाला या, पुढच्या वर्षाचंही बोलून टाकू." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

लेथचा चक, म्हणजे लोखंड धरणारा गोल जबडा, झेंडूच्या हारांखाली पार झाकून गेला होता. शेठ पुढं, मिस्त्री त्याच्या शेजारी, आई आरतीचं ताट घेऊन बाजूला. पोरगा मागं उभा होता आणि सारखा पुढं घुसायला बघत होता. "मिस्त्री, जरा ऐका ना..." मिस्त्रीनं त्याला कोपरानं मागं लोटलं. "मुहूर्ताच्या वेळी मधी मधी करू नको." शेठनं हात जोडले आणि बटण दाबलं.

खाडकन आवाज झाला. हारातून काहीतरी सुटलं, मिस्त्रीच्या कानाजवळून गेलं आणि मागच्या पत्र्याच्या दारावर आदळलं. आम्ही सगळे जागीच थिजलो. तुटलेला हार चकाबरोबर फटाफट फिरत होता, पाकळ्या तोंडावर उडत होत्या. पोरगा सगळ्यांच्या मधून धावला आणि त्यानं मशिन बंद केलं.

दाराशी पडली होती चकची चावी. चक आवळायचं ते चांगलं वजनदार लोखंड. ती चकात राहिली आणि मशिन सुरू झालं, तर माणसाचा जीव जातो. मी पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवतो, बाकीचं सगळं नंतर.

मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं पोराकडं बोट केलं. "मशिन सजवायचं काम याच्याकडं होतं. यानंच ठेवली." शेठ माझ्याकडं वळला. तो म्हणाला, "सर, याला आत्ता घेऊन जा. नकोत मला तुमचे उमेदवार."

मी पोराला समोर घेतलं. "चावी तू ठेवलीस?" मी विचारलं.

"नाय सर."

"मग कुणी ठेवली?"

त्यानं मान खाली घातली. मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. "अरे बोल ना, तुझं वर्ष वाया चाललंय," मी ओरडलो. तरी नाही. फक्त डोळे एकदा आरतीच्या ताटाकडं गेले आणि परत खाली आले.

"मी ठेवली," शेठच्या आई म्हणाल्या.

त्यांनी ताट मशिनवर टेकवलं. "पूजेला चावी खाली पाटावर मांडली होती यानं. मला वाटलं, हत्यार आपल्या जागी बरं दिसतं. मीच खोचली आणि वरून हार घातला. हा म्हणत होता, आजी, तिथं नको. मी म्हटलं, शिकाऊ आहेस ना, मग मोठ्यांचं बघून शीक. आणि हात लावायचा नाही म्हणून दमही दिला."

शेठ पोराकडं वळला. "मग आज तरी सांगायचंस."

"तेच सांगत होतो," पोरगा म्हणाला. मिस्त्री पत्र्याच्या दाराकडं बघत राहिला.

मग आईच म्हणाल्या, "वेळ टळतेय, दाब बटण." शेठनं हात पुढं केला आणि तो तसाच थांबला. मी त्याचं बोट बघत होतो. ते बटणाला टेकलं होतं, पण जोर देत नव्हतं.

"थांबा शेठ," पोरगा म्हणाला.

तो पुढं आला. उरलेले हार त्यानं एकेक करून काढले आणि आईंच्या ताटात ठेवले. पूजेचे हार काढले, तरी त्यांनी त्याला अडवलं नाही. त्यानं चक हातानं पूर्ण फिरवून पाहिला, मागून पाहिला, खाली वाकून पाहिलं. एवढ्या माणसांसमोर त्यानं अजिबात घाई केली नाही.

"दाबू?" शेठनं त्याला विचारलं.

पोरानं वर बघितलं. "मिस्त्री, तुम्ही चकाच्या समोर उभे हायेत. बाजूला व्हा."

मिस्त्री बाजूला झाला.

"हां, आता दाबा."