बल्ब तोच, वायर तीच

वर्गात शिरले की सर आधी फळ्याकडे जात नसत, भिंतीवरच्या बोर्डाकडे जात. खटक्, दिवा लागला. खटक्, दिवा गेला. असं चार-पाचदा करून पोरांकडे वळायचे आणि विचारायचे, "बल्ब तोच, वायर तीच. बटन कुणाच्या हातात?"

पोरं गप्प. पोरं गप्प बसली की सरांना फार बरं वाटायचं.

असे एखादे सर तुम्हीही पाहिले असतील. शेवगावच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी रसायनशास्त्र. मधे एक अरुंद व्हरांडा, दोन्हीकडची दारं कायम उघडी, त्यामुळे त्यांचं व्याख्यान मला इच्छा नसताना तोंडपाठ झालं. त्यांची पीएच.डी. कॅन्सरच्या पेशींवर. ती होऊन कैक वर्षं लोटली, पण सर काही तिच्यातून बाहेर यायला तयार नव्हते. बचत गटाचा मेळावा असो नाहीतर कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, माईक हाती आला की यांची गाडी जनुकांवर. ऐकणाऱ्या बायका डोक्यावरचा पदर सारखा करत माना डोलवायच्या. सरांना वाटायचं, समजतंय.

विषय मात्र खरा होता, तेवढं मी नाकारणार नाही. आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. त्यातली कुठली चालू आणि कुठली बंद, यावर ती पेशी कातडीची की काळजाची हे ठरतं. आईच्या पोटात आपलं अंग घडत असताना पेशींना जागा बदलत हिंडावं लागतं. ते हिंडणं घडवणारी जनुकं पुढे बंद होतात. कॅन्सरच्या काही पेशींत ती पुन्हा चालू होतात, आणि मग ती पेशी शेजारणीचा हात सोडते अन् रक्तातून निघते दुसरीकडे बिऱ्हाड करायला. "गाठीपेक्षा," सर बोट नाचवत म्हणायचे, "गाठीच्या प्रवासाला भ्या!"

आणि मग त्यांचं नाटक. पोरांना हातात हात घालून रांगेत उभं करायचे. ही रांग म्हणजे अवयव. हात सोडून निघणारी पेशी व्हायला पोरं लाजायची, म्हणून ते काम शैलाताईंकडे. शैलाताई आमच्या लॅब अटेंडंट. तिसगावहून एसटीनं यायच्या, आणि आमच्या दोन्ही प्रयोगशाळा त्यांच्याच जिवावर चालायच्या. "शैलाताई, चाला!" अशी हाक आली की हातातलं काम टाकून, पदर खोचून त्या जायच्या, रांगेत उभ्या राहायच्या, हात सोडवून दारापर्यंत चालायच्या आणि हसू दाबत म्हणायच्या, "पसरले बघा, सर!" वर्ग खो खो हसायचा. इकडे मीही हसायचे.

एका पावसाळ्यात शैलाताईंच्या छातीत गाठ लागली. त्यांनी पहिल्यांदा मलाच सांगितलं. मी त्यांना नगरला एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, सुई घालून तपासू, या आठवड्यातच या. परत येताना शैलाताईंनी सुईची धास्तीच घेतली. दुसऱ्या दिवशी त्या सरांना विचारायला गेल्या. दुसऱ्या कुणाला विचारणार? सर तर त्यावरच शिकलेले.

सर खुर्चीत मागे रेलले. "सुई म्हणजे काय? जखम. जखम भरायला पेशींना हलावं लागतं. म्हणजे कुठलं बटन दाबलं जातं?"

"हिंडायचं," शैलाताई म्हणाल्या.

"शाबास! निजलीय ती गाठ, निजू द्या. डिवचू नका. साखर बंद करा, सकाळी हळदीचं पाणी घ्या."

काय अक्कल पाजळली बघा! सुई लावली की गाठ पसरते, ही भीती आमच्याकडे वाडीवस्तीवर कुणीही सांगतं. यांनी तीच भीती कोट घालून सांगितली, एवढाच फरक. मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले. "सर, तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"दारावरची पाटी वाचा, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. पाटीवर नावाआधी 'डॉ.' होतंच.

मी शैलाताईंशी भांडले, हात जोडले. त्या माझीच समजूत घालायच्या. "रागावू नका मॅडम. इतकी वर्सं सरांनी मला चालवलं. त्यांना ठाव नसंल व्हय?"

दिवाळी गेली, संक्रांत गेली. शैलाताई हळदीचं पाणी पीत राहिल्या, तिळगूळसुद्धा कपाळाला लावून ठेवून देत. सर येताजाता विचारायचे, "काय शैलाताई, निजलीय ना?" त्या म्हणायच्या, "व्हय सर." पण पाठ दुखायला लागली होती. एका सकाळी पाण्याची बादली त्यांना उचलेना, तशी मी कुणाला न विचारता त्यांना नगरच्या गाडीत बसवलं.

डॉक्टरांनी आम्हाला तपासणीच्या लॅबमध्ये पाठवलं. तिथे बाकावर सर बसले होते. मानेवर पांढरी चिकटपट्टी. आम्हाला बघून त्यांनी शर्टाची कॉलर वर ओढली.

"तुम्ही इथं कसे?" मी विचारलं.

"काही नाही हो. दाढी करताना मानेला गाठ लागली. परवाच."

"परवा? आणि आज सुई घालून मोकळे?"

"माझी केस वेगळी आहे, मॅडम."

अहो, अंगाचा नुसता तिळपापड झाला. या माणसाला स्वतःच्या मानेसाठी दोन दिवस धीर निघाला नाही, आणि दुसरीला पावसाळ्यापासून हळदीच्या पाण्यावर बसवून ठेवलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शैलाताईच पुढे वाकल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

"लई दुखती का हो सर, सुई?"

सरांनी खाली बघितलं. "नाही. मुंगी चावल्यासारखं."

"एवढंच व्हय," शैलाताई म्हणाल्या आणि पदर सावरत आत गेल्या.

सरांची गाठ साधी निघाली. शैलाताईंची मणक्यापर्यंत पोचली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुईनं पसरत नाही हो. सुई फक्त बातमी आणते. गाठीला जेवढे दिवस द्याल, तेवढा तिच्यातल्या कुठल्या तरी पेशीला वाट शोधायला वेळ मिळतो. आपण फार दिवस दिले."

पुढच्याच आठवड्यात सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. हो, पेढे! मी बॉक्सला हात लावला नाही. शैलाताई रजेचा अर्ज द्यायला आल्या होत्या, त्यांनी मात्र घेतला. मी डोळे वटारले, तर म्हणाल्या, "सरांचं चांगलं निघालं. ग्वाड खायाचं न्हाई व्हय?" ज्यानं साखर बंद केली, त्याच्याच हातचा पेढा खाऊन त्या घरी गेल्या. नंतर त्या कॉलेजात आल्या नाहीत. उन्हाळ्यात तिसगावला त्यांची माती झाली. सर आले होते, लांब उभे राहून गेले.

जूनमध्ये नवी पोरं आली. मी व्हरांड्यातून माझ्या वर्गाकडे निघाले होते. खटक्, खटक्. बल्ब तोच, वायर तीच. यांना काहीसुद्धा झालेलं नाही, असं मनात म्हणत मी त्यांच्या दारात थांबले. आज सगळ्या वर्गासमोर सुनवायचंच, असं ठरवलं होतं. आत पोरं हातात हात घालून रांगेत उभी होती. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. पाठमोरेच, सवयीनं, मोठ्यांदा म्हणाले, "शैलाताई, चाला!"

नव्या पोरांना शैलाताई कोण ते ठाऊक नव्हतं. ती दाराकडे बघायला लागली. सर वळले आणि तेही दाराकडे बघत राहिले. दारात मी होते.

मी त्यांना माफ केलं असं समजू नका, अजूनही केलेलं नाही. पण इतके महिने साठवून ठेवलेलं बोलणं माझ्या तोंडून फुटेना. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच संताप आला.

रांग तशीच उभी होती. शेवटी टोकाच्या पोरीनं विचारलं, "सर, हात कुणी सोडायचा?"