सारख्या निकडीची माणसं

कचेरीत त्याला सगळे 'घरगुती' म्हणायचे. शेजारच्या टेबलावरच्या एका टवाळानं ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते कायमचंच. कारण या माणसाला बाहेरचं काही चालत नसे. खाण्यापिण्यातलं नव्हे हो, तिथे समोर येईल ते चालायचं. प्रोग्राममधलं चालत नसे.

त्यानं स्वतःची एक प्रोग्रामिंगची भाषा केली होती. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, बायकोची बोलणी खात केली होती. आपण त्या भाषेत ओळी लिहायच्या आणि त्याच्या इंटरप्रिटरनं त्या एकेक वाचून तिथल्या तिथे कामाला लावायच्या. हा इंटरप्रिटर लिहिलेला सी नावाच्या जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, आणि सीबरोबर तयार फंक्शनांची, म्हणजे एकेक काम करून देणाऱ्या छोट्या तुकड्यांची, एक लायब्ररी आयतीच येते. आकडे वाचणं, मेमरी मागणं, अक्षरं छापणं, नावं क्रमानं लावणं, सगळं त्यात असतं. शहाणी माणसं ती मुकाट्यानं वापरतात. पण या गृहस्थाला एकदा तिचा चटका बसला. एका मशीनवर दशांशचिन्ह म्हणून टिंब चालायचं, तर दुसऱ्यावर, तिथल्या भाषेच्या सेटिंगमुळे, स्वल्पविराम. साडेतीन लिहिले की तिकडे नुसते तीन वाचले जायचे. त्यानं चिडून आकडे वाचायचं स्वतःचं फंक्शन लिहिलं. ते फक्कड चाललं आणि तिथून स्वारीला चटकच लागली. मग छपाईचं, मग मेमरीचं. उसनी भांडी एकेक करून घराबाहेर काढावीत तसं तो लायब्ररीचं एकेक फंक्शन काढून आपलं बसवत गेला, आणि प्रत्येक वेळी असा टेंभा मिरवला की ऐकणाऱ्यानं आपला चहा उचलून दुसऱ्या खोलीत जावं.

ही भाषा वापरत कोण होतं म्हणाल, तर फारसं कोणी नाही. पण एक ठिकाण पक्कं होतं, डोळ्यांचा दवाखाना. तिथे त्याची थोरली बहीण काउंटरवर बसायची, आणि तिनंच व्यवस्थापक बाईंच्या मागे लागून भावाचा प्रोग्राम तिथे आणला होता. पेशंट आला की ताई त्याची नोंद करायची, नर्स तपासून सांगायची की हा तातडीचा, लवकरचा की सवडीचा. प्रोग्राम त्याप्रमाणे नंबर लावायचा आणि भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचा. निकड सारखी असेल तर जो आधी आला तो आधी आत. "आमच्या धाकट्यानं केलंय हे," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, त्यानं विचारलेलं असो वा नसो.

तर एक दिवस घरगुतीनं क्रमवारी लावणारं फंक्शनही बदललं. लायब्ररीतलं त्याला सुस्त वाटत होतं. आपलं बसवलं, वेग पाहून स्वतःवरच खूश झाला आणि नवा इंटरप्रिटर दवाखान्यात धाडून दिला.

पुढच्याच आठवड्यात कचेरीत त्याचा फोन वाजला. व्यवस्थापक बाई होत्या. आवाज तापलेला.

"इथे सगळा हॉल उठलाय. एक म्हातारे शिंपी सकाळपासून बसलेत, आणि त्यांच्या कितीतरी मागून आलेली एक बाई पुढे गेली. दोघंही सवडीचेच. ती बाई तुमच्या ताईंची शेजारीण निघाली. ताई म्हणतात, मी हात लावलेला नाही, पडद्यावरच असं आलं. तुमचा प्रोग्राम असं करू शकतो का?"

आता इथे भल्या माणसानं काय म्हणावं? 'थांबा, बघून सांगतो' म्हणावं. यानं थोडं बघितलंही, नाही असं नाही. फोन कानाला लावून सहा-सात नावं भरली, क्रम लावून पाहिला. जे आधी होतं ते आधीच आलं. आणि मग त्याला ती शेजारीण आठवली. ताईच्या दारात रोज गप्पा मारत उभी असायची ती. आपली ताई मनानं मऊ, कुणाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही तिची. केलं असेल एखाद्या वेळी. त्याच्या मनात हे आलं, आणि आल्याबरोबर त्यानं ते खरंच धरलं.

"प्रोग्राम सांगितलं तेवढंच करतो," तो म्हणाला. "क्रम आपोआप बदलत नाही. कुणीतरी हातानं बदलला असणार."

पलीकडे फोन स्पीकरवर होता, आणि ताई तिथेच, बाईंच्या टेबलासमोर उभी होती. हे त्याला त्याच संध्याकाळी बायकोकडून कळलं, तिला दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं. ताई मग बाहेर हॉलमध्ये गेली म्हणे, आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली असेल. मला माफ करा." शिंपीबाबा तोंड फिरवून बसले होते.

"त्या तसं करणाऱ्यातल्या आहेत का हो?" बायकोनं विचारलं.

"चुकतं माणूस," हा म्हणाला, आणि वर शहाण्यासारखी मानही हलवली. थोबाडीत द्यावीशी वाटते ना? मलाही वाटते.

ताईला काउंटरवरून उठवलं. मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा पुसून खोक्यांत भरायचं काम दिलं. ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. तोही विचारायला गेला नाही. तिला ओशाळं वाटत असेल, उगाच कशाला, असं त्यानं स्वतःला पटवलं.

काही दिवसांनी काउंटरवरच्या नव्या मुलीनं त्याला फोन केला. बिचारी रडकुंडीला आली होती. "सर, मी कशालाही हात लावत नाही, शप्पथ. पण गर्दी वाढली की नंबर खालीवर होतात. कोणी नवीन आलं की आधीच्या लोकांची जागा बदलते. लोक माझ्या अंगावर येतायत."

गर्दी वाढली की. एवढे तीन शब्द ऐकले आणि चूक कुठे आहे ते घरगुतीला कळलं.

कारण ते क्रमवारीचं फंक्शन त्यानंच लिहिलं होतं ना! नावं थोडी असली की ते साध्या पद्धतीनं चालायचं, पत्ते हातात लावतो तसं, एकेक उचलून जागेवर. त्यात सारख्या निकडीची नावं आपापल्या क्रमानं राहतात. नावं वाढली की तेच फंक्शन दुसरी, वेगवान पद्धत धरायचं, लांबलांबची नावं एकमेकांच्या जागी फेकायचं, आणि सारख्या निकडीच्या माणसांत आधी कोण आलं याचा त्याला पत्ताच नसायचा. दवाखान्याच्या मशीनवरचं लायब्ररीतलं सुस्त फंक्शन तो क्रम गुपचूप सांभाळत होतं. सांभाळायला ते बांधील नव्हतं, पण सांभाळत होतं, आणि यानं आपला सगळा प्रोग्राम न बघता त्याच्या भरवशावर उभा केला होता. त्यानं आता भलीमोठी गर्दी भरून पाहिली. सवडीची माणसं पडद्यावर विखरून पडली. सहा-सात नावांवर यानं सख्ख्या बहिणीला खोटं पाडलं होतं. कानशिलं तापली त्याची, आणि कोणी बघत नसतानाही मान वर होईना.

आणि एवढं झाल्यावर त्यानं काय करावं? सारख्या निकडीच्या नावांचा क्रम जपणारं फंक्शन लिहिलं, नवा इंटरप्रिटर दवाखान्यात धाडला आणि सोबत एवढंच कळवलं की किरकोळ सुधारणा केली आहे. किरकोळ! लिहिताना बोटं अडखळली, पण लिहिलं.

संध्याकाळी व्यवस्थापक बाईंचा फोन आला. आवाजात साखर. "आता एकदम छान चाललंय. तुमच्या ताईंनी करून ठेवलेला घोळ तुम्हीच निस्तरलात, फार उपकार झाले."

"नाही, तसं नाही..." तो म्हणाला. पण बाईंना घाई होती, त्यांनी फोन ठेवलाही. 'तसं नाही' याच्यापुढे त्याच्या तोंडून काही निघालंही नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला स्वतःची शिसारी आली. बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हा ताटावर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती वाढायची थांबली.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. हॉल भरलेला. शिंपीबाबा आजही आले होते, डोळ्यांत औषध घालून मान मागे टाकून बसलेले. व्यवस्थापक बाई हसत पुढे आल्या, पण त्यानं त्यांना बोलू दिलं नाही. पडद्याखाली उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "त्या दिवशी नंबर ताईनं बदलला नव्हता. माझ्या प्रोग्रामनं बदलला. लायब्ररीतलं चांगलं चाललेलं फंक्शन काढून मी माझं बसवलं, धड तपासलं नाही, आणि विचारलं तेव्हा तिच्यावर ढकललं. काल दुरुस्त केलं, तेव्हाही लपवलं."

लायब्ररी काय, फंक्शन काय, अर्ध्या लोकांना कळलं नाही. ताईवर ढकललं, एवढं सगळ्यांना कळलं. शिंपीबाबांनी औषधानं धूसर झालेल्या डोळ्यांनी आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "अरेरे," ते म्हणाले, "आणि त्या माउलीनं माझ्यापुढे हात जोडले रे." व्यवस्थापक बाई पायाशी बघायला लागल्या, आणि मग मागच्या खोलीकडे बोट करून हळूच म्हणाल्या, "सांगा त्यांना. काउंटर त्यांचाच आहे."

ताई खिडकीपाशी बसून काच पुसत होती. हॉलमधलं सगळं तिथे ऐकू येत होतं. तो समोरच्या खोक्यावर टेकला.

"ताई, चुकलो मी."

"ऐकलं." तिनं काच उजेडात धरून पाहिली. "एक विचारू? खरं सांग. फोनवर बोललास तेव्हा तुला वाटलं होतं का, की मीच केलं असेल म्हणून?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! घाईत बोललो, कामात होतो, असं काहीही चाललं असतं. तिनं ते मानूनही घेतलं असतं.

"हो," तो म्हणाला.

ताईचा हात थांबला. "मी घरी जाऊन आठवत बसायचे रे," ती म्हणाली, "कळ कुठली दाबली गेली, हात कुठे लागला असेल माझा. तू म्हणालास म्हणजे माझंच चुकलं असणार. तुझ्या प्रोग्रामवर शंका नाही आली मला. एकदाही नाही."

त्याला तिच्याकडे बघवेना. त्यानं खोक्यातल्या काचांकडे बघितलं, त्या सगळ्या लख्ख पुसलेल्या होत्या.

ती उठली, पदर नीट केला आणि काउंटरवर जाऊन बसली. नव्या मुलीनं हसून जागा दिली. पडद्यावर पुढचा नंबर आला होता, अगदी बरोबर, शिंपीबाबांचा. ताईनं पडद्याकडे पाहिलं, आणि मग हॉलभर नजर फिरवून मोठ्यानं विचारलं, "बाबांच्या आधी कोणी आलंय का हो?"